ताशाचा हात, ड्रमचा पाय: एका 'पळणाऱ्या' पोराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या क्लासमधलं आहे, आणि त्यात चुकलेला माणूस बराचसा मीच आहे हे आधीच सांगून टाकतो. मी पुण्यात ड्रम वाजवतो, म्हणजे लग्नातले संगीत, ऑर्केस्ट्रा, कंपन्यांची वार्षिक स्नेहसंमेलनं, सोसायटीची कोजागिरी, जी सुपारी येईल ती. जिथे ड्रमसेट ठेवायला जागा नसते तिथे ऑक्टापॅड घेऊन जातो. आठवड्याचे चार दिवस एका भाड्याच्या गाळ्यात क्लास चालतो, शटर अर्धं खाली, भिंतींना फोम, आणि तरी वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही म्हणतात ते मी पाळतो. क्लासच्या पैशात भाडं निघतं, सुपारीच्या पैशात घर. दोन्ही एकमेकांच्या झोपेवर जगतात, कारण शनिवारी रात्री दोनला सेट उतरवून टेम्पोत भरायचा आणि रविवारी सकाळी दहाला एखाद्या नऊ वर्षांच्या पोराला 'स्टिक अशी धर' सांगायचं.

जानेवारी २०२४ मध्ये एक पोरगा आला, एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. चार वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होता. नाव लिहीत नाही, आपण त्याला ताशेवालाच म्हणू, क्लासमध्येही तेच नाव पडलं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला सरावाच्या रबरी पॅडवर काहीतरी वाजव म्हणालो, आणि खोटं नाही सांगत, मी गप्पच झालो. काय हात! सोळाव्या मात्रा (म्हणजे एका मात्रेत चार ठोके), बत्तिसाव्या (एका मात्रेत आठ), मध्येच घासून काढलेला एखादा रोल, सगळं स्वच्छ, दोन्ही हात सारखे. बाकीच्यांना सहा-सहा महिने जे करवून घ्यावं लागतं ते हा घरून घेऊन आला होता. फक्त फाइव्ह-ए मापाची स्टिक हातात घेऊन म्हणाला, "दादा, हे लाटणं आहे." ताशाच्या बारीक लवचिक काड्यांची सवय, त्याला ड्रमस्टिक खरंच लाटणंच वाटणार.

सेटवर बसला आणि गाडी घसरली. साधा ठेका, हाय-हॅटवर (झांजांची जोडी) आठव्या मात्रा, म्हणजे एका मात्रेत दोन, एक आणि तीनवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), दोन आणि चारवर स्नेअर (समोरचा छोटा ड्रम), ज्याच्यावर अर्धी दुनिया चालते. तीन बार (चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बार) ठीक, चौथ्या बारला फिल, म्हणजे ठेका सोडून मधली हातांची सजावट, घेतला की पुढचा क्रॅश, मोठ्या झांजेचा ठोका, आधीच येऊन बसायचा. मेट्रोनोमवर (ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ९० ला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांवर, सुरू केलेलं दोन मिनिटांत शंभरच्या पुढे. मेट्रोनोम चालू ठेवला तर कडेकडेने भांडत जायचा, बंद केला की सुटलाच.

मी काय निदान केलं? जे दहातले नऊ मास्तर करतात तेच. हात फार वेगवान आहेत, कंट्रोल नाही, हळू वाजवायची सवय नाही. मग उपचारही ठरलेला: पॅराडिडल, सिंगल-डबल असे हातांचे सराव, ६० वर, रोज वीस मिनिटं, मेट्रोनोमसोबत. पोरगं शहाणं, मुकाट्याने करायचं. फेब्रुवारी, मार्च, अर्धा एप्रिल. आणि दर क्लासला मी किमान दहा वेळा म्हणायचो, "घाई करू नको रे." आता विचार केला की हसू येतं, कारण 'घाई करू नको' ही काही सूचना नाही, ताप आलेल्याला 'गरम होऊ नको' म्हणण्यासारखं ते. पण मी शनिवार-रविवारचा झोप न झालेला माणूस, समोर तयार हाताचा विद्यार्थी, वेगळा विचार करायचे कष्ट कोण घेणार.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती बघितली नाही. पॅडवर, मेट्रोनोमवर, फक्त हातांनी, तो अजिबात पळत नव्हता. ६० काय, ५० वरही चिकटून बसायचा. म्हणजे ज्या हातांवर मी तीन महिने औषध चोळत होतो त्यांना आजारच नव्हता.

मग एप्रिलमधला तो शनिवार. माझ्याकडे एका संगीताची सुपारी होती, कीबोर्डवाला मित्र आणि तीन गायक, छोटा सेटअप. आणि त्याच दिवशीची कोल्हापूरची मोठी सुपारी आली, जवळपास दुप्पट पाकीट. बदली ड्रमर शोधायला लागलो, सिझन होता, सगळे बुक. ताशेवाल्याला दहा गाणी बसवून दिली आणि पाठवला. तो तयार नव्हता हे मला माहीत होतं, पाकिटाकडे बघून मी स्वतःला पटवलं की तयार आहे. कीबोर्डवाला लूपवर वाजवतो, म्हणजे बासरी, ढोलक, कोरस हे आधीच भरलेलं, मशीनमधून येतं. मशीन कुणासाठी थांबत नाही. माणसांचा बँड असता तर सगळे त्याच्यामागे पळाले असते आणि नाचणाऱ्यांना कदाचित कळलंही नसतं, पण लूप ठरलेल्या टेम्पोवरच राहतो, त्यामुळे दुसऱ्याच गाण्यात दोन ढोलक ऐकू यायला लागले, एक मशीनमधला आणि एक आमच्या ताशेवाल्याच्या फिलमधला. कीबोर्डवाल्याने लूप बंद केला आणि बाकीचा कार्यक्रम कसातरी ओढला. रात्री साडेबाराला मला फोन. "अरे, तुझं पोरगं लोकल पकडायला निघालं होतं का?" पुढचं लिहिण्यासारखं नाही. बदलीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले, आणि त्या मित्राचे पुढचे दोन कार्यक्रम माझ्याकडे आले नाहीत, जे योग्यच होतं.

पोरगा दोन क्लास आलाच नाही. तिसऱ्याला आला तो क्लास सोडतो सांगायला. मी म्हणालो सोड, पण आधी अर्धा तास दे, मला एक बघायचंय. खरं सांगायचं तर तोवर मलाही लाज वाटायला लागली होती की तीन महिने पैसे घेऊन मी एकदाही त्याचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं नाही.

फोन स्टँडवर लावला, मेट्रोनोमचा ९० चा क्लिक त्याच्या कानात दिला आणि तीन गोष्टी वाजवायला लावल्या. आधी फक्त हात. मग फक्त पाय, म्हणजे किक, प्रत्येक मात्रेला एक. मग दोन्ही मिळून ठेका आणि फिल. फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज रेषांत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून रेषा मोठ्या करून बघितल्या. हात एकटे असताना क्लिकला लागून. पाय एकटा, थोडा इकडेतिकडे पण पळत नव्हता. दोन्ही एकत्र आले की हाय-हॅट पुढे आणि किक मागे, साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांची फट, आणि ही फट प्रत्येक वेळी त्याच बाजूला, हात पुढे, पाय मागे. हात आणि पाय एकाच मात्रेवर पडायला हवेत तिथे 'टक्-ढुम' असं दोन तुकड्यांत ऐकू यायचं. आणि फिलचा बार ९० ला २.६७ सेकंदांचा हवा, त्याचा येत होता २.४५ च्या आसपास, म्हणजे तो बार ९८ च्या टेम्पोचा.

मी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, म्हटलं इथे बघ, किक उशिरा येतेय, ऐकू येतंय का. त्याने दोनदा ऐकलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "पण दादा, ढोल मागेच असतो ना नेहमी."

सगळं प्रकरण या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबून लिहितो.

पथकात ताशा पुढाकार घेतो. हात कधी बदलायचा, लय कधी चढवायची, कुठे थांबायचं, हे ताशावरून ठरतं आणि ढोल त्याच्यामागे जातात. (पथकाबाहेरच्यांसाठी: 'हात' म्हणजे वादनाची ठरलेली रचना, एक नंबर हात, दोन नंबर हात असे.) आमचा हा ताशांच्या रांगेत अगदी पुढे. मोठ्या पथकात शेवटच्या ढोलांची रांग त्याच्यापासून तीस-पस्तीस मीटर मागे असू शकते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ताशाचा आवाज मागच्या ढोलापर्यंत पोहोचायला ०.१ सेकंद, तो ऐकून ढोलवाल्याने टिपरू मारलं की तो घुमारा पुढे यायला आणखी ०.१. दोन्ही मिळून ०.२ सेकंद. ९० च्या लयीत सोळावी मात्रा असते ०.१६७ सेकंदांची. म्हणजे मागच्या ढोलाचा आवाज पुढच्या ताशेवाल्याच्या कानात एका सोळाव्या मात्रेपेक्षाही जास्त उशिरा येतो. जवळच्या ढोलांचा कमी उशिरा, लांबच्यांचा जास्त, मिळून एक पसरट घुमारा. आता ताशेवाल्याने जर त्या घुमाऱ्याची वाट बघितली तर तो हळू होणार, त्याला ऐकून ढोल अजून हळू होणार, आणि लक्ष्मी रोडला पोहोचेपर्यंत पथक झोपणार. म्हणून चांगला ताशेवाला काय शिकतो? खालचा, म्हणजे ढोलाचा, आवाज कानावर घ्यायचा नाही, त्याच्या पुढे राहायचं, नजर प्रमुखाच्या हातावर ठेवायची आणि ओढत न्यायचं. अमेरिकेतल्या मैदानावरच्या मार्चिंग बँडवाल्यांनाही हीच डोकेदुखी असते, तिथे पुढे उभे असलेले वादक मागून येणारा आवाज ऐकून त्याच्यावर वाजवतात. आपल्याकडे उलटी रीत, पुढचा ओढतो. शिवाय प्रत्येक हात संथ सुरू होऊन चढत जातो, तेच तर लोकांना आवडतं. चार वर्षं पोराने हेच केलं, आणि उत्तम केलं.

आणि मग मी त्याला अशा सेटवर बसवला जिथे ढोल त्याच्या स्वतःच्या उजव्या पायाखाली आहे, कानापासून चार फुटांवर. पण त्याचं शरीर अजून रस्त्यावरच होतं. पाय वाजला की त्याच्या आतून ऑर्डर यायची की हा ढोल, हा मागेच असणार, तू पुढे हो. स्वतःच्याच पायाला मागे टाकून तो पळत होता. फिलमध्ये तर पाय थांबायचाच, मग काय, ढोलांनी विश्रांती घेतली आणि ताशा एकटा, मोकळं रान.

उपचार मे-जूनमध्ये केला. पॅराडिडल बंद. पहिलं काम बैठक. तो ताशा कमरेला बांधून उभ्याने वाजवणारा, अंगाचं वजन दोन्ही पायांवर. स्टूलवरही तो पुढे झुकून, जवळपास उभा असल्यासारखा बसायचा, सगळा भार उजव्या पायावर, मग तो पाय मोकळा हलणार कसा. हे मला पहिल्या आठवड्यात दिसायला हवं होतं. स्टूल तीन बोटं वर घेतला, मांडी किंचित खाली उतरेल इतका, आणि भार बुडावर आणला. एवढ्यानेच फट थोडी कमी झाली, मला पटेना म्हणून परत मोजली.

मग खरं काम. त्याला म्हटलं तुमच्या पथकातला एक नंबर हात वाजव, पण पायाने. हात मांडीवर. पाय म्हणजे ढोल, आणि ढोलाचा बोल तोंडाने म्हणायचा. तो लाजला, मग रंगला. दोन क्लास नुसता पाय आणि तोंड. तिसऱ्यात हाय-हॅट आला, पण अट अशी की पाय आधी ठरवणार, हात पायाला येऊन मिळणार. म्हणजे पथकातला कारभार उलटा केला, ढोल पुढारी आणि ताशा पाठीमागे. त्याला हे फार विचित्र वाटायचं, म्हणायचा उलट्या पायाची चप्पल घातल्यासारखं वाटतंय.

एक व्यायाम मी त्याच्यासाठी जुळवला तो आता सगळ्यांना देतो. एकाच मात्रेवर किक आणि हाय-हॅट तीन तऱ्हेने वाजवायचे: मुद्दाम पाय आधी, मुद्दाम हात आधी, आणि मग बरोबर एकत्र. प्रत्येकी चार बार. मुद्दाम चुकवायला लागलं की कान उघडतात. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःच मध्ये थांबून म्हणाला, "हे आत्ता फुटलं." बस, मला तेवढंच हवं होतं, तोवर त्याच्या कानाला ती फट चूक वाटतच नव्हती, चार वर्षं तीच बरोबर होती ना.

क्लिकही बदलला. टिक-टिक आवाज उंच, म्हणजे त्याच्या डोक्यात ताशाच्या जातीचा, त्याच्याशी तो स्पर्धाच करायचा. त्याऐवजी ॲपमध्ये जाड, खालच्या सुराचा ठोका लावला आणि तो कानात न देता त्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून दिला. मग दोन बार ठोका चालू, दोन बार बंद. आणि फिलला एकच नियम, फिलमध्ये पाय थांबणार नाही, प्रत्येक मात्रेला एक किक, आणि फिल अर्ध्या बारचाच. पूर्ण बारचा फिल जूनअखेरपर्यंत बंदी. यावर त्याने तोंड केलं, अशा हाताच्या पोराला अर्धा बार म्हणजे बुफेत एक पुरी.

जून संपताना परत मोजलं. फट दहा मिलिसेकंदांच्या आत, कधी या बाजूला कधी त्या, म्हणजे माणसासारखी. पूर्ण बारचा फिल २.६२. मी पेढे आणायच्या बेतात होतो.

आणि इथे प्रकरणाने पलटी खाल्ली, ज्याचा मी विचारच केला नव्हता. जुलैत पथकाचा सराव सुरू झाला. नदीपात्रात आठ-दहा दिवस वाजवलं असेल, मग २५ जुलैला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पात्रातला रस्ता पाण्याखाली गेला, सराव काही दिवस बंद, त्या काळात तो क्लासला आला आणि तोंड पाडून बसला. म्हटलं काय झालं. म्हणाला ताशाप्रमुख ओरडला. "तू ढोलाची वाट का बघतोस? पथक बसतंय तुझ्यामुळे." मी हसलो, मग लक्षात आलं की हसण्यासारखं नाही, मी त्याचा ड्रम दुरुस्त करताना ताशा बिघडवला होता. कान खालच्या आवाजाला चिकटवायला मीच शिकवलं आणि रस्त्यावर तो खालचा आवाज ०.२ सेकंद जुना असतो.

त्याला कागदावर गणित दाखवलं, मीटर आणि सेकंद, इंजिनिअरिंगचा पोरगा, त्याला ते लगेच भिडलं. ठरलं असं की बसला की कान, उभा राहिला की डोळे. सेटवर बसल्यावर पाय ऐकायचा. ताशा बांधून उभा राहिला की ढोल ऐकायचा नाही, प्रमुखाचा हात बघायचा. तो म्हणाला दोन्ही एका दिवसात जमणार नाही, म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून विसर्जनापर्यंत क्लास बंद ठेवला. त्या महिन्याची फी मी घेतली नाही. क्लासवर पोट असलेल्या माणसाला हा निर्णय सोपा नसतो, गणपतीच्या महिन्यात माझे निम्मे विद्यार्थी असेच गायब असतात. एक मात्र हट्टाने करायला लावलं, कानात प्लग. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं धरतात आणि ही पोरं रोज दोन-तीन तास त्यात उभी असतात. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, ती त्याला वर्णन करून सांगितली, त्याचा उपयोग झाला.

१७ सप्टेंबरला विसर्जन, रविवारी २२ ला तो हजर, बोटांना पट्ट्या. काही न बोलता फोन लावला आणि ९० वर वाजवायला सांगितलं. पहिली दहा मिनिटं हात परत पुढे, २० मिलिसेकंदांच्या आसपास. मी काही बोललो नाही. त्याने स्वतः थांबून स्टूल वर घेतला, तोंडाने ढोलाचा बोल सुरू केला, चार बार नुसता पाय, मग हात. फट गेली. पथकातही त्या वर्षी कुणी ओरडलं नाही असं तो म्हणाला, मी बघायला गेलो नव्हतो, माझी त्याच रात्री सुपारी होती.

ऑक्टोबरात कोजागिरीच्या एका सोसायटी कार्यक्रमाला कीबोर्डवाल्या मित्राला मी स्वतः फोन केला, म्हटलं मी येतो, पण तीन गाणी पोरगा वाजवेल, लूपवर, मी शेजारी उभा राहतो. तो आधी नाही म्हणाला, मग दोन गाण्यांवर तयार झाला. दोन्ही गाणी लूपला धरून गेली. दुसऱ्यात एका फिलला तो हलकासा पुढे झुकलेला मला दिसला, पण पाय चालू होता, क्रॅश जागेवर आला. मित्राने मान हलवली, बोलला काही नाही, तिसरं गाणं मात्र मला वाजवायला लावलं.

जे सुटलेलं नाही तेही लिहितो. ७० च्या खालची संथ गाणी तो अजून पळवतो. तिथे दोन मात्रांमध्ये जवळपास सेकंदाची मोकळी जागा असते आणि त्या जागेत त्याचा ताशा जागा होतो. त्यावर मधल्या सोळाव्या मात्रा तोंडाने म्हणवून बघतोय, डाव्या पायाने हाय-हॅटची मात्रा धरवून बघतोय, अजून नीट बसत नाही. गुरुवार-रविवार तेच चालू आहे.